बिनतारी लहरींवरील गर्दी

गेल्या पावसाळ्यांत बदलापूर पूर्वेकडील एक पालक शाळेंत आले असतां त्यांनीं एक तक्रार सांगितली. नव्या इमारतींत ते प्रथम राहावयास आले तेव्हां घरचें वायफाय उत्तम चालत असे. पुढें मजले जसजसे भरत गेले तसतसें तें मंदावलें. यंत्रावरील खुणा तर पूर्ण दिसतात, आणि मुलाचा परीक्षेचा अर्ज मात्र जागचा हालत नाहीं! त्यांचा संशय यंत्र विकणाऱ्यावर होता. वस्तुतः दोष कोणा एकाचा नव्हता. साऱ्या आळीनें एकाच नळावर एकाच वेळीं हंडे घेऊन यावें, तसा तो प्रकार होता.

बिनतारी लहरींस भिंतीचा अटकाव थोडाच होतो. एकाच लहरीवर दोन यंत्रें एकदम बोललीं, तर ऐकणाऱ्यास दोहोंपैकीं एकाचेंही धड कळत नाहीं. ही टक्कर. ही अडचण आजची नव्हे. 14 एप्रिल 1912 च्या रात्रीं ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाचा तारवाला ‘टायटॅनिक’ला बर्फाची सूचना देऊं लागला, परंतु टायटॅनिकचा तारवाला त्या वेळीं उतारूंचे निरोप किनाऱ्यावर पाठवीत होता, त्याच्या कानीं हा जवळचा आवाज एकदम आदळला, आणि त्यानें त्यास गप्प राहावयास सांगितलें. थोड्या वेळानें पहिल्यानें आपलें यंत्र बंद केलें व तो निजला. त्यानंतर कांहीं मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळलें, आणि त्या अपघातांत दीड हजारांवर माणसें बुडालीं. पुढें संकटाच्या हांकांच्या लहरीवर दर तासास दोनदां तीन तीन मिनिटें सर्व जहाजांनीं मौन पाळावें, असा नियम रूढ झाला.

यंत्रांनीं आपसांत बोलावयाचें, तर नियमही यंत्रांसच शिकविला पाहिजे. हें काम 1971 सालीं हवाई विद्यापीठांत नॉर्मन एब्रॅमसन ह्यांनीं केलें. निरनिराळ्या बेटांवरील यंत्रें मुख्य गणकयंत्राशीं एकाच लहरीवर बोलत. ह्या योजनेचें नांव ‘आलोहा’. नियम अगदीं भोळा: मनांत येईल तेव्हां बोला, पोंच न आली तर, टक्कर झाली असें समजून, कांहीं वेळ थांबा व पुन्हां बोला. मात्र ‘कांहीं वेळ’ प्रत्येकाचा निराळा, जणूं चिठ्ठी टाकून ठरविलेला. नाहीं तर दोघे पुन्हां एकदमच बोलावयाचे. गणितानें असें दिसतें कीं, ह्या रीतीनें लहरीचा फार तर शेंकडा 18 भाग उपयोगीं पडतो. ठराविक ठोक्यांवरच बोलण्यास आरंभ करावयाचा असें ठरविल्यास शेंकडा 37.

आपल्या घरचें वायफाय ह्याहून शहाणें आहे. तें आधीं ऐकतें. कोणी बोलत असेल तर थांबतें. शांतता झाल्यावरही लगेच तोंड उघडीत नाहीं, तर 0 ते 15 मधील एक आंकडा मनाशीं धरून उलट मोजूं लागतें. एकेका आंकड्यास, आजच्या बहुतेक यंत्रांत, सेकंदाचे 9 दशलक्षांश भाग लागतात. मध्यें दुसरा बोलला तर मोजणी तेथेंच थांबते व तो संपल्यावर पुढें चालू होते. शून्य आलें कीं बोलावयाचें. पोंच न आल्यास आंकडा 0 ते 31 मधून, मग 63 मधून, अशा वाढत्या मर्यादेंतून घ्यावयाचा. आणि पोंच देणाऱ्यानें तर इतका आखूड विराम घ्यावयाचा कीं इतरांस मध्यें तोंड घालतांच येऊं नये. प्रेषित पौलानें करिंथच्या मंडळीस क्रमाक्रमानें बोलण्याविषयीं व दुसऱ्यास कांहीं सांगावयाचें असल्यास पहिल्यानें उगें राहण्याविषयीं लिहिलें, त्याची येथें आठवण होते. वर्ग आठवीला मात्र तें अजून शिकवावें लागतें.

बोलतां बोलतां ऐकून टक्कर कां ओळखीत नाहींत, असें कोणी विचारील. तारेवर तें जमतें. परंतु बिनतारी यंत्राचा स्वतःचा आवाज त्याच्याच कानांशीं इतका मोठा असतो कीं दूरचा क्षीण आवाज त्यांत बुडून जातो.

आणखी एक घोटाळा असा: घराच्या दोन टोकांस दोन मुलें बसलीं आहेत, दोघांसही राउटर ऐकूं येतो, पण जाड भिंतीमुळें एकमेकांचें ऐकूं येत नाहीं. दोघांसही शांतता वाटते, दोघेही बोलतात. ह्यावर उपाय म्हणून आधीं लहानशी परवानगी मागतां येते. राउटर ती देतांना किती वेळासाठीं दिली तें मोठ्यानें सांगतो, आणि तेवढा वेळ इतर सर्व गप्प राहतात.

आतां त्या पालकांची गोष्ट. हा नियम सर्वांस बोलण्याच्या सारख्या संधी देतो, सारखा वेळ देत नाहीं. दूरच्या खोलींतील मोबाइल क्षीण लहरीमुळें सावकाश बोलतो, आणि सारें घर त्याच्यासाठीं खोळंबतें. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यांत एकमेकांस न घांसणाऱ्या वाटा तीनच: 1, 6 व 11. शेजाऱ्यांस चुकवावें म्हणून त्यांनीं 3 क्रमांक निवडला होता! त्यामुळें दोन्ही बाजूंचा गोंगाट मात्र पदरीं पडला, कारण अर्धवट घांसणाऱ्या वाटेवरील शब्द कळत नाहींत व मग पाळीही नीट सांभाळतां येत नाहीं. शेजाऱ्याबरोबर सबंध 6 वर बसणें त्याहून बरें. आम्हीं त्यांस 5 गिगाहर्ट्झचा रुंद पट्टा घ्यावयास व अभ्यासाचा संगणक तारेनेंच जोडावयास सुचविलें.

मोबाइलचा टॉवर पाळ्या स्वतः वांटून देतो. परंतु ‘मला पाळी द्या’ ही पहिली हांक फोनास स्वतःच मारावी लागते, आणि ती हांक आजही बहुतांशीं त्या आलोहाच्याच रीतीनें मारली जाते. 26 जुलै 2005 चा पूर, किंवा 27 जुलै 2019 रोजीं वांगणीजवळ पाण्यांत अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस, हीं आपल्याकडे कोण विसरला आहे? अशा दिवशीं सारें गांव एकदम फोन उचलतें, म्हणजे ह्या हांकाच एकमेकींवर आदळूं लागतात. फोन लागला नाहीं म्हणून जो क्षणोक्षणीं पुन्हां लावतो, तो त्या टक्करींत भर घालतो. ‘सुखरूप आहें, शाळेंत आहें’ एवढा लेखी संदेश वाटेवर फार थोडा वेळ घेतो. पावसाळ्यापूर्वीं घरोघर मुलांकडून तो एकदां लिहवून घ्यावा.