पुढे कोणी उभं राहावं?

परिपाठाच्या वेळी गाणं सुरू करायला पुढे कोण उभं राहणार, हे बहुतेक शाळांत गळ्यावरून ठरतं. ज्याचा आवाज गोड, तो पुढे. ही निवड चुकीच्या कसोटीवर होते असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शेकडो मुलांना एका सुरात आणि एका लयीत गायला लावायचं तर गळ्यापेक्षा कान आणि हात जास्त लागतात. राष्ट्रगीतच घ्या. ते मध्य षड्जापासून निघतं, त्यामुळे कुठल्याही पट्टीत सुरुवात सोपी वाटते. पुढे मात्र ते मंद्र निषादाला स्पर्श करतं आणि अखेरच्या जयघोषात तार षड्जावर जातं. चढ्या गळ्याच्या मुलीने स्वतःच्या सोयीची उंच पट्टी धरली, की तिथे पोचेपर्यंत निम्मी मुलं किंचाळतात आणि उरलेली गप्प होतात. काळी एकच्या आसपास तोच सूर बहुतेकांना झेपतो. पट्टी फार उतरवूनही चालत नाही, कारण नुकताच आवाज फुटलेली आठवी-नववीची मुलं सप्तक खाली गातात आणि तळाचा निषाद त्यांना लागत नाही. म्हणजे पहिला सूर देण्याआधीच शेवटच्या ओळीचा आणि शेवटच्या रांगेचा विचार झालेला असावा लागतो.

लयीचं दुखणं आणखी वेगळं. मागची रांग ३५ मीटरवर असेल तर पुढचा आवाज तिथे पोचायला साधारण एक दशांश सेकंद लागतो, परत यायला तेवढाच. पुढे उभा असलेला मुलगा मागच्यांचं ऐकून त्यांच्यासाठी थांबू लागला, की ते आणखी मागे पडतात आणि ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत रेंगाळतं. हात मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. चांगला प्रमुख सुरुवातीला हात उचलतो आणि स्वतः श्वास घेतो. त्याच्यासोबत पुढच्या रांगांतली छातीही नकळत भरते. मग हात खाली येतो आणि पहिलं अक्षर एकत्र पडतं.

पेटी असताना हे सगळं कशाला, असं कोणी विचारेल. पेटी सूर देते, पण पट्टी कोणती घ्यायची हे माणूसच ठरवतो, आणि श्वास कधी घ्यायचा हे पेटी सांगत नाही. मग सरच का नकोत? सरांचा सूर सप्तक खाली असतो. लहान मुलं तो धरायला जातात आणि पुटपुटत राहतात. आपल्या वयाच्या आवाजातला सूर त्यांना चटकन सापडतो. सर्वांत वजनदार आक्षेप शाहिरी परंपरेचा आहे: २०२३ मध्ये राज्यगीत झालेलं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ घराघरांत पोचवलं ते शाहीर साबळे यांच्या आवाजाने, मग खणखणीत गळ्याला मागे का सारायचं? मागे सारू नयेच. पण शाहिराचे झीलकरी त्याच्या हाताच्या अंतरावर असतात, कसलेले असतात आणि मोजके असतात. मैदानात यातलं काहीच नसतं. गोड गळ्याच्या मुलाला एकट्याने म्हणायची ओळ द्यावी. प्रमुख निवडताना मात्र उमेदवाराला वीस जणांसमोर उभं करावं, त्यातल्या चौघांना मुद्दाम लय ओढायला सांगावं आणि त्याचा हात डगमगतो का ते पाहावं.