आधी राज्य, मग अभ्यासक्रम : विशेष शिक्षणाचं एन्डॉर्समेंट ऑनलाइन घेताना



मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सहज चौकशी केली, तर भारतात बी.एड. करून शाळेत शिकवलेल्या चार-पाच जणी तरी नक्की भेटतात. त्यांतल्या काहींनी इथे अमेरिकेत परवाना मिळवून पुन्हा हातात खडू (आता मार्कर!) घेतला आहे, तर काही जणी अजून कागदपत्रांच्या मागे आहेत. आमच्या घरात एक सॉफ्टवेअरवाला आणि एक गणिताची शिक्षिका. त्यामुळे आम्हाला हल्ली एक प्रश्न वारंवार येतो : "स्पेशल एज्युकेशनचं ऑनलाइन करता येतं म्हणे, करावं का?" करावं, पण कुठल्या क्रमाने, हे सांगण्यासाठी हा लेख.

एन्डॉर्समेंट म्हणजे काय?

भारतात आपल्या गाडीच्या लायसन्सवर आधी दुचाकी असते, मग चाचणी देऊन त्याच लायसन्सवर चारचाकीची नोंद होते. शिक्षकाच्या परवान्याचंही तसंच. मूळ परवाना गणिताचा किंवा प्राथमिक वर्गांचा असतो आणि त्यावर नव्या विषयाची भर म्हणजे एन्डॉर्समेंट. म्हणजेच मूळ परवाना आधी हवा. तो नसेल तर नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटने वर्ग मिळत नाही. भारतातली पदवी असेल तर पहिली पायरी म्हणजे तिचं मूल्यमापन. बहुतेक राज्यं 'नेसेस' या संघटनेच्या सभासद संस्थांकडून केलेलं मूल्यमापन मान्य करतात. आपली तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.एस्सी. इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईलच असं नाही. म्हणून सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि बी.एड.चे कागद मूल्यमापनाला एकत्र पाठवा.

या शिक्षकांची गरज का?

२९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली आणि अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत व योग्य शिक्षणाचा हक्क मिळाला. १९९० पासून हा कायदा 'आयडिया' या नावाने ओळखला जातो. २०२२-२३ मध्ये त्याखाली सुमारे ७५ लाख मुलं होती, म्हणजे सरकारी शाळांतली जवळपास १५ टक्के. अशा प्रत्येक मुलासाठी 'आयईपी' नावाचा लेखी आराखडा असतो : मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठे पोचायचं, त्यासाठी शाळा काय देणार. तो दरवर्षी तपासावा लागतो. हे सगळं करणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा अनेक राज्यांत वर्षानुवर्षं आहे.

अभ्यासक्रमात काय असतं?

कायदा आणि आयईपी लिहिणं, मुलाची चाचणी व तिचा अर्थ लावणं, वाचनात अडखळणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या पद्धती, वर्तनामागचं कारण शोधून त्यावर योजना करणं, सहाय्यक तंत्रज्ञान आणि नेहमीच्या वर्गशिक्षकाबरोबर जोडीने शिकवणं, हे मुख्य विषय. व्याख्यानं आपल्या सवडीने ऐकता येतात, आठवड्याची चर्चा आणि निबंध मात्र वेळेवर द्यावे लागतात. प्रॅक्टिकम मात्र ऑनलाइन होत नाही, त्यासाठी खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर उभं राहावं लागतं. काही ठिकाणी आपल्या तासाचं चित्रीकरण पाठवावं लागतं, त्यासाठी पालकांची आणि शाळेची परवानगी आधीच घ्यावी लागते.

वेळेचा हिशोब साधा आहे. ३ क्रेडिटच्या एका कोर्सला अभ्यासासकट साधारण १३५ तास धरतात, म्हणजे १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला ९ तास. २४ क्रेडिट म्हणजे ८ कोर्स, एका वेळी दोन घेतले तर ४ सेमिस्टर आणि आठवड्याला १८ तास. नोकरी, मुलांचे क्लास आणि स्वयंपाक सांभाळून हे १८ तास कुठून काढायचे आणि घरात कोण काय उचलणार, हे फी भरण्याआधी नवरा-बायकोने बसून ठरवलेलं बरं.

खरी मेख : राज्य

अभ्यासक्रम कुठल्याही राज्यातल्या विद्यापीठाचा घेता येतो, पण परवाना आपलं राज्य देतं. न्यू जर्सीत आधीच प्रमाणित शिक्षक असलेल्यांसाठी विशेष शिक्षणाचा २१ ते २७ क्रेडिटचा मान्यताप्राप्त मार्ग आहे. कॅलिफोर्नियात 'एज्युकेशन स्पेशालिस्ट' हा स्वतंत्र परवानाच असतो, आणि त्यातही सौम्य-मध्यम गरजा व व्यापक गरजा असलेल्या मुलांसाठी वेगळे प्रकार आहेत. त्यामुळे मैत्रिणीला टेक्ससमध्ये जे चाललं ते आपल्याला इथे चालेल असं समजू नका. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर आधी रिक्वायरमेंट वाचायची, कोड मग लिहायचा.

जुलै २०२० पासून परवान्याशी संबंधित अभ्यासक्रम कोणत्या राज्यांच्या अटी पूर्ण करतो, ही माहिती देणं विद्यापीठांवर बंधनकारक आहे. ती वाचा, आणि राज्याच्या शिक्षण खात्याला ईमेल करून लेखी उत्तर मिळवा. फोनवरचं 'हो' नंतर दाखवता येत नाही. हे चार प्रश्न जरूर विचारा :

१. हा अभ्यासक्रम आमच्या राज्यात याच एन्डॉर्समेंटसाठी मान्य आहे का?
२. प्रॅक्टिकम आमच्या गावातल्या शाळेत करता येईल का, आणि शाळा कोण शोधणार?
३. राज्याची कुठली परीक्षा द्यावी लागेल?
४. हे क्रेडिट पुढे मास्टर्सला आणि पगाराच्या श्रेणीत धरले जातील का?

व्हिसा आणि पैसा

एच-४ वर शिकता येतं, पगारी नोकरीला मात्र ईएडी लागतं. २६ मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना ते मिळू शकतं : एच-१बी वरच्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर असेल, किंवा त्याच्या एच-१बी ला सहा वर्षांपुढची मुदतवाढ ठराविक तरतुदीखाली मिळालेली असेल, तर. प्रॅक्टिकमच्या सेमिस्टरमध्ये ईएडीची मुदत संपत नाही ना, हे आधी पाहा. नूतनीकरणाचा अर्ज १८० दिवस आधीपर्यंत करता येतो.

केंद्र सरकारची विद्यार्थी मदत एच-४ वर मिळत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक 'टीच ग्रँट' पाहू शकतात, पण त्यात अट आहे : कमी उत्पन्नाच्या भागातल्या शाळेत ८ वर्षांत ४ वर्षं शिकवायचं, नाहीतर त्या अनुदानाचं व्याजासकट कर्ज होतं. अनेक शाळा-डिस्ट्रिक्ट फीचा काही भाग परत देतात, मात्र कोर्स सुरू होण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते.

आपली माणसं यात का हवीत?

घरी मराठी बोलणारं मूल बालवाडीत गप्प बसलं, तर ते इंग्रजी येत नाही म्हणून, की खरोखर काही अडचण आहे म्हणून? केवळ इंग्रजी कमी येतं या कारणावरून मुलाला अपंग ठरवता येत नाही, असं कायदा सांगतो. चाचणीही शक्य तिथे मुलाच्या भाषेत व्हायला हवी, आणि आयईपीच्या बैठकीत गरज असेल तर शाळेने पालकांना दुभाषी द्यायचा असतो. हे हक्क आपल्याच अनेक घरांत माहीत नसतात. दुसरीकडे, खरी अडचण असूनही "लोक काय म्हणतील" म्हणून चाचणीची संमती लांबवली जाते आणि मुलाची महत्त्वाची वर्षं हातातून जातात. दोन्ही भाषा आणि दोन्ही घरांच्या रीती कळणारी शिक्षिका शाळेत असेल, तर तिचं म्हणणं आई-वडिलांना पटतं आणि आजी-आजोबांनाही.

तेव्हा ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी जरूर पुढे या. क्रम तेवढा लक्षात ठेवा : आधी मूळ परवाना, मग राज्याचं लेखी उत्तर, मग घरातला तासांचा हिशोब आणि सगळ्यात शेवटी फी. मनापासून शुभेच्छा!