लग्न एका रात्रीचे, उचल किती वर्षांची?

होळी झाली की आमच्या भागात लग्नसराई सुरू होते. भात घरात आलेले असते, आणि जव्हार, विक्रमगड, डहाणूकडच्या पाड्यांवर एकेका रात्री दोन-दोन मांडव दिसू लागतात. आम्हां कार्यकर्त्यांना आमंत्रणेही बरीच येतात. मात्र गेल्या काही वर्षांत आमंत्रणाबरोबर आणखी एक गोष्ट हळू आवाजात सांगितली जाते : "ताई, थोडे पैसे कमी पडतात. कुठून मिळतील का?"

एका घरातला हिशेब वाचकांपुढे ठेवते. नावगाव सांगत नाही, पण असे घर तुमच्याही ओळखीचे असेल. मुलगा बोईसरला कारखान्यात कंत्राटी कामावर. बापाची दीड एकर वरकस जमीन. साठवलेले पैसे ५०,००० रुपये. मुलाने मित्रांबरोबर बसून यादी केली होती : डीजे ३५,०००, मंडप, खुर्च्या आणि रोषणाई ३०,०००, जेवणाचा ठेका ६०,०००, कपडे २५,०००, फोटो आणि व्हिडिओ १७,०००, गाड्या १२,०००, पत्रिका आणि फ्लेक्स ६,०००. बेरीज १,८५,०००. म्हणजे १,३५,००० कमी. त्यातले ६०,००० सावकाराकडून आणि ७५,००० वीटभट्टीच्या मुकादमाची उचल, असे ठरत आले होते.

सावकाराचा दर महिना शेकडा ५. ऐकायला लहान वाटतो. पण ६०,००० वर तो महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० होतो, आणि एवढे भरूनही मुद्दल जिथल्या तिथे राहते. उचलीचे गणित याहून अवघड. पावसाळ्यात पैसे हातात पडतात आणि दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी. फिटले नाही तर राहिलेली रक्कम पुढच्या हंगामावर चढते. या घरात आठवीत शिकणारी धाकटी मुलगी होती. आईबाप भट्टीवर गेले असते तर ती कुठे राहिली असती, हा प्रश्न यादीत कुठेच लिहिलेला नव्हता.

जुन्या माणसांना 'लग्नगडी' हा शब्द आठवत असेल. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या थोड्याशा पैशांपायी नवराबायको दोघेही त्याचे गडी होत आणि बहुधा जन्मभर तसेच राहत. १९४५ च्या वारली उठावात जी वेठ मोडली गेली, तीत हीही होती. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती सगळी हकीकत आहे. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर बंद झाली. आज कोणी कोणाला लग्नगडी म्हणत नाही. पण लग्नाच्या उचलीसाठी सहा महिने भट्टीवर बांधला गेलेला नवरदेव पाहिला की मला तो शब्द आठवतो.

इथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वी मी अशा घरी जाऊन "खर्च करू नका, साधे लग्न करा" एवढेच सांगून येत असे. एका बापाने मला शांतपणे विचारले, "बाय, शेटच्या पोराच्या लग्नाला तुम्ही हे सांगितला होता का?" मला उत्तर देता आले नाही. गरिबालाही आपल्या मुलाचे लग्न चारचौघांत उठून दिसावे असे वाटते, त्यात गैर काही नाही. तेव्हापासून मी खर्च कमी करा असे म्हणत नाही. या लग्नातले तुम्हांला दहा वर्षांनी काय आठवणार आहे, एवढेच विचारते.

बोईसरच्या त्या मुलालाही हेच विचारले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी चौक काढते, तो." त्याची आजी गावात चौक लिहिण्यासाठी ओळखली जाते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवासिनी लग्नाचा चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रकला कागदावर आली, जगभर गेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण तिची मूळ जागा लग्नघराची भिंत. आणि या मुलाच्या पहिल्या यादीप्रमाणे त्याच भिंतीसमोर त्याच्या फोटोचा आठ फुटी फ्लेक्स लागणार होता!

मग आम्ही अंगणात बसून यादी पुन्हा केली. आधी काय ठेवायचे ते ठरवले : चौक, धवलेरी, सगळ्या पाड्याला जेवण, आणि नवरीला तिच्या पसंतीची साडी. त्यानंतर बाकीच्याकडे वळलो.

डीजेवर सर्वांत जास्त वाद झाला. मुलगा तो सोडायला तयार नव्हता, आणि नाचायला गाणी हवीत हे मलाही मान्य आहे. पण रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा नियम २००० सालापासून आहे. म्हणजे ३५,००० रुपयांत मिळणार जेमतेम तीन-चार तास. शिवाय त्या आवाजात धवलेरीचे गाणे कोणालाच ऐकू येत नाही, आणि आपल्याकडे लग्न लावते ती धवलेरी. शेवटी ९,००० त लहान स्पीकर ठरला. लग्न लागेपर्यंत तो बंद, नंतर १० पर्यंत चालू.

मंडपाला बांबू घरचे, टहाळे रानातले, बांधायला भाऊबंद. भाड्याने फक्त भांडी, थोड्या खुर्च्या आणि दिवे : ६,०००. पत्रिका छापल्याच नाहीत. पूर्वीप्रमाणे घरोघर जाऊन सांगितले, कामावरच्या मित्रांना मोबाइलवर निरोप. कपडे १५,०००, गाड्या ६,०००, फोटो ५,०००, वरखर्चाला ४,०००.

जेवणाचा ठेका रद्द केला. इथे थोडे सविस्तर सांगते, कारण अंदाज चुकतो तो इथेच. माणशी १५० ग्रॅम तांदूळ धरला तर ३५० माणसांना साडेबावन्न किलो लागतो. आपली माणसे भात खाणारी, म्हणून ६० धरावा. डाळ माणशी ४० ग्रॅम, म्हणजे १४ किलो. ठेकेदार ताटावर पैसे घेतो, मग ताटात दोन घास जेवणारे लहान मूल का असेना. पाड्यावरच्या बायकांनी रांधले तर तांदूळ आणि डाळ किलोवर मोजता येते. पत्रावळी पळसाच्या. दारूला यादीत जागा ठेवली नाही. यावर काही पाहुणे नाराज झाले, हेही सांगायला हवे. जेवणाचा सगळा खर्च ३८,००० धरला.

नवी बेरीज ८३,०००. साठवलेले ५०,०००. १३,००० च्या आसपासचा तांदूळ, डाळ, तेल आणि कोंबड्या मामा-आत्यांनी आहेर म्हणून आधीच दिल्या. लग्नानंतर भांड्यांचा ढीग देण्यापेक्षा हे केव्हाही बरे, पण मागायला संकोचू नये आणि वहीत लिहून ठेवावे, कारण उद्या त्यांच्या घरी आपल्याला परत करायचे असते. राहिलेले २०,००० आईच्या बचत गटातून, महिना शेकडा २ ने. दरमहा २,००० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवरचे व्याज भरले तर दहा महिन्यांत कर्ज फिटते, आणि एकूण व्याज होते २,२००. सावकाराच्या एका महिन्याच्या व्याजाहूनही ते कमी आहे.

गटाचे कर्ज हवे असेल तर दोन-तीन महिने आधी मागणी करावी. ऐन लग्नाच्या आठवड्यात गटाकडे शिल्लक नसते, आणि मग माणूस मुकादमाच्या दारात जातो.

लग्न करायला पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षे एकत्र राहणारी, लेकरेबाळे झालेली जोडपी आपल्याकडे पुष्कळ आहेत. समाज त्यांना वाईट म्हणत नाही, पण विधी राहिल्याची रुखरुख असते. त्यांच्यासाठी सामुदायिक विवाह हा चांगला मार्ग आहे. शासनाच्या कन्यादान योजनेची चौकशी प्रकल्प कार्यालयात करावी, अटी आणि रक्कम तिथेच विचारून घ्यावी. आयोजकांना मात्र एक विनंती : तीस जोडप्यांना एका रांगेत बसवून पंधरा मिनिटांत मोकळे होऊ नका. आदल्या रात्री ज्याच्या त्याच्या घरी चौक आणि हळद होऊ द्या. त्याला पैसे लागत नाहीत.

आणखी एक काम बहुतेक घरे विसरतात. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. आपले लग्न रूढीने होते आणि ते ग्राह्य आहे, पण पुढे वारस नोंदीच्या वेळी पुरावा मागतात. म्हणून ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून घ्यावी. वयाचे दाखले, फोटो आणि साक्षीदार लागतात. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवेत, हे तर पहिल्या बोलणीतच पाहायला हवे.

त्या लग्नाला मी गेले होते. स्पीकर अर्धा तास बिघडला, कोंबडीचा रस्सा शेवटच्या पंगतीला पुरला नाही. चौकापुढे दिवा लागला, धवलेरीने गाणे धरले, तेव्हा नवरदेवाच्या धाकट्या बहिणीने मोबाइलवर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपून घेतले. ती यंदा नववीत आहे. ते गाणे तिने वहीत उतरवायला घेतले आहे, आणि अडते तिथे आजीला विचारते.