नादारीचा अर्ज : नेहमीचे कायदेशीर प्रश्न

अर्ज कोठे करावा? नादारी, म्हणजे कर्ज फेडण्याची असमर्थता, न्यायालयाकडून घोषित करून घेण्यासाठी मुंबई शहरात 1909 च्या कायद्यानुसार उच्च न्यायालयाकडे, तर उर्वरित महाराष्ट्रात 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्यानुसार सामान्यतः जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो.

सर्व मालमत्ता जाते का? 1920 च्या कायद्यानुसार घोषणेनंतर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे, जाते. मात्र अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची अवजारे या मालमत्तेतून वगळलेली असतात.

सर्व देणी मिटतात का? ऋणमुक्तीचा आदेश मिळाला, तरी सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेले कर्ज आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी यांतून सुटका होत नाही, शिवाय जामीनदाराची जबाबदारीही कायम राहते.