खाडा आणि दुखणे

श्रोतेहो, ‘खाडा’ म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली, की नवराबायकोचा एक ‘कोयता’ मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातो. दुखण्याने एक दिवस अंग टाकले, तर मजुरी बुडतेच. वर खाड्याचा दंड पडून उचल फिटायची लांबते.

कष्ट फार आणि मोबदला थोडा, असे वर्षानुवर्षे चालले तर हृदयालाही धोका पोचतो, असा सिद्धांत योहानेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ साली मांडला. मोबदला म्हणजे नुसता पैसा नव्हे. मान आणि कामाची शाश्वतीही त्यात आली.

कचेरीतला माणूस थकला, की रजा टाकतो. कोयत्याला कसली रजा? दुखणे अंगावरच काढायचे. २०१९ सालच्या शासकीय पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये, हेही एक कारण पुढे आले.

तेव्हा मंडळी, हजेरी पुरी भरली म्हणजे माणूस धडधाकट आहे, असे समजू नका. आणि गुरुजनहो, उचल-खाड्याचे गणित मुलांना फळ्यावर जरूर घाला.