नाथसागराकाठचे प्रतिष्ठान

पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून बीड बायपासने पैठण रस्त्याला लागले, की चितेगाव, बिडकीन, ढोरकीन मागे टाकत पन्नास-साठ किलोमीटरांत गाव येते. पश्चिमेच्या अंगाला नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, अफाट पाणी आहे आणि दक्षिणेला नदीचे पात्र. गाव स्वतः पांढरीच्या उंच टेकाडावर उभे आहे. ही उंची निसर्गाने दिलेली नाही. पिढ्यान् पिढ्या पडलेल्या भिंती, चुलींची राख, फुटकी खापरे आणि त्यांवर पुन्हा बांधलेली घरे यांनी ती तयार झाली. जुन्या पैठणातली एखादी गल्ली चढताना पायाखाली दोन हजारांहून अधिक वर्षांची वस्ती असते.

या नगराचा उल्लेख फार जुना आहे. सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मणाचे शिष्य बुद्धाच्या भेटीसाठी गोदाकाठाहून उत्तरेकडे निघतात. त्यांच्या वाटेवर प्रथम मूळकांचे पतिट्ठान, म्हणजे प्रतिष्ठान किंवा आजचे पैठण, लागते, मग माहिष्मती, मग उज्जयिनी. दक्षिणापथाचा व्यापारी मार्ग म्हणतात तो हाच. सातवाहनांच्या काळात या मार्गाच्या दक्षिण टोकाला प्रतिष्ठान राजधानी म्हणून नावारूपाला आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे तेर, त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर असल्याचे नोंदले आहे. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जात असे. पुढच्या शतकात टॉलेमीने पैठणला राजा पुळुमावीची नगरी म्हटले आणि उज्जैनला चष्टनाची. एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन राजसत्तांच्या राजधान्या त्याच्या नोंदीत अशा राजाच्या नावासह आल्या आहेत.

राजांपेक्षा सामान्य माणसांच्या खुणा जास्त बोलक्या आहेत. कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यात खांबांवर दानलेख आहेत. त्यांतला एक पतिट्ठानच्या मितदेव नावाच्या गांधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा आहे. अत्तरे विकून मिळवलेल्या पैशातून डोंगरातल्या भिक्षूंसाठी एक खांब देणारा हा माणूस पैठणच्या बाजारपेठेचा पहिला ओळखीचा रहिवासी म्हणायला हरकत नाही. हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ आणि गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ यांनाही परंपरेने याच दरबाराशी जोडले आहे. शालिवाहन शकाबाबत मात्र सावध राहायला हवे. लोकपरंपरा त्याचा कर्ता पैठणचा शालिवाहन मानते, पण इ.स. ७८ मध्ये सुरू झालेल्या या कालगणनेचे मूळ बहुतेक अभ्यासक शक-कुषाणांकडे नेतात.

प्राचीन नगर पाहायला येणाऱ्याला पैठणमध्ये उंच मनोरे किंवा ओस पडलेले राजवाडे दिसत नाहीत. त्याचे कारण मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाशी तुलना केली की लक्षात येते. तिथे पेतेन इत्झा सरोवरातल्या बेटावर फ्लोरेस नावाचे लहान गाव आहे. ते माया लोकांच्या नोहपेतेन या राजधानीच्या जागी वसले. ही राजधानी १६९७ मध्ये स्पॅनिश फौजेने जिंकली. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर तिकाल हे माया नगर आहे. तिकालमधला तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ.स. ८६९ चा. त्यानंतर नगर ओस पडले, जंगलाने गिळले, आणि म्हणूनच त्याची देवळे जागच्या जागी राहिली. बेटावरच्या राजधानीचे तसे झाले नाही. तिच्यावर नवे गाव चढले आणि जुने खाली गेले. पैठणचे नाते तिकालपेक्षा फ्लोरेसशी जवळचे आहे. पैठण कधी सुटलेच नाही. सातवाहन गेल्यावर राष्ट्रकूट आले, यादव आले. राष्ट्रकूट तिसरा गोविंद याचा शके ७१६ चा आणि यादव रामचंद्राचा शके ११९३ चा असे दोन्ही ताम्रपट पैठणचेच. प्रत्येक काळाने आधीच्या काळाच्या विटा काढून आपली घरे बांधली.

म्हणून इथले उत्खनन नेहमीच तुकड्यातुकड्यांनी झाले. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने १९३७ च्या सुमारास खणले, तेव्हा मणी, मृण्मूर्ती आणि नाणी हाती आली. १९६५ मध्ये पुन्हा काम झाले. १९९६ ते १९९९ या काळात डेरेक केनेट आणि जे. वरप्रसाद राव यांच्या पथकाने केलेल्या उत्खननात विटांच्या मंदिरांचे अवशेष मिळाले. राजधानीची झळाळी ओसरल्यानंतरच्या शतकांतही पैठणला देवळे बांधण्याची ऐपत होती, हे त्यातून दिसले. गोदाकाठीच असलेल्या आपेगावला, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांच्या गावी, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तर त्याहून जुनी ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. ज्या भागाला स्थानिक लोक पालथी नगरी म्हणतात, तिथे पावसाळ्यानंतर माती धुपली की खापरे आपोआप वर येतात. हे टेकाड अधिक काळजीने राखले जायला हवे. इथली एकेक टोपली माती म्हणजे न वाचलेले पान आहे, आणि एकदा हलवलेली माती पुन्हा वाचता येत नाही.

नजरेला पुरावा हवा असेल, तर बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय गाठावे. पाटील यांनी हयातभर पैठण परिसरातून वेचलेल्या वस्तू तिथे आहेत. सातवाहनांचे शिशाचे किंवा पोटिनचे नाणे बोटाच्या पेरावर मावेल एवढेच असते. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडणारे उज्जयिनी चिन्ह, आणि कडेला ब्राह्मीतली झिजलेली दोन-तीन अक्षरे. चांदी-सोन्याऐवजी शिशाचे नाणे पाडणारे राज्य रोजच्या बाजारहाटासाठी नाणी पाडत होते. हातोहात फिरून गुळगुळीत झालेल्या कडा तेच सांगतात.

मध्ययुगातले पैठण धर्मसभेचे आणि विद्वानांचे गाव होते. ज्ञानेश्वर भावंडांना शुद्धिपत्रासाठी इथेच यावे लागले. रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा ज्या नागघाटाशी जोडलेली आहे, तो घाट आजही दाखवतात. त्याच गावात १५३३ मध्ये एकनाथ जन्मले. देवगिरीवरच्या जनार्दनस्वामींकडून दीक्षा घेऊन ते परतले आणि संस्कृत पंडितांच्या या गावात बसून त्यांनी मराठीत लिहिले. ‘एकनाथी भागवता’चा आरंभ पैठणला झाला, समाप्ती १५७३ मध्ये काशीला. १५८४ मध्ये त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली. मराठी वाचकावर पैठणचे हे ऋण सातवाहनांच्या ऋणापेक्षा मोठे आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. तुकाराम बीजेपासून नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते. श्रीकृष्णाने श्रीखंड्याच्या रूपात नाथांच्या घरी पाणी भरले, ही त्यामागची श्रद्धा. डोक्यावर घागर घेऊन भाविक रांगेत उभे राहतात आणि कोणाच्या घागरीने रांजण ओसंडतो, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटते आणि दिंड्या परतीला लागतात.

पैठणी याच गावाच्या नावाने ओळखली जाते, पण आज मागांची मोठी संख्या येवल्यात आहे. काठ-पदरावरची नक्षी लहान लहान कांड्यांनी, रंगागणिक धागा अडकवत विणली जाते. त्यामुळे अस्सल हातमागाच्या पदराची उलटी बाजूही सुलट बाजूइतकीच स्वच्छ असते. मोर आणि असावली वेल पाहण्याआधी पदर उलटून पाहावा.

प्राचीन नगराशेजारचे सरोवर मात्र अगदी अलीकडचे आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीजवळ ठरली होती. जागा बदलली, नाव तसेच राहिले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची ही मातीची भिंत २७ दरवाज्यांतून पाणी सोडते. एकूण साठा सुमारे १०३ टीएमसी, त्यातला उपयुक्त ७६ च्या घरात आणि बाकीचा मृत साठा. मुलूख सपाट असल्याने पाणी खोल न जाता आडवे पसरले. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर जमीन त्याखाली गेली. उथळ पाण्याचे बाष्पीभवनही मोठे होते. चिकलठाण्यासह छत्रपती संभाजीनगरची तहान याच पाण्यावर भागते. शहराचे पाणी फारोळ्याला शुद्ध होऊन पुढे जाते.

या पाण्याची किंमत बुडालेल्या गावांनी मोजली, आणि पैठणच्या कोणत्याही वर्णनात ती आधी सांगायला हवी. गावठाणे, शिवारे, देवळे जलाशयात गेली. उन्हाळ्यात पाणी मागे सरले, की गाळपेर जमीन उघडी पडते. ती वर्षापुरती कसायला मिळते आणि तिच्यावर पहिला हक्क धरणग्रस्तांचा मानला जातो. ओलाव्यावर हरभरा, गहू, कलिंगडे येतात. पुढच्या पावसाळ्यात शेत पुन्हा पाण्याखाली. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात साठा मृत पातळीवर उतरला होता. उलट ऑगस्ट २००६ मध्ये विसर्गामुळे खुद्द पैठणच्या सखल भागात पुराचे पाणी शिरले. वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचे, हा नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यातला वाद यातूनच टंचाईच्या वर्षी तापतो.

जलाशयात लहानमोठी बेटे तयार झाली आहेत. त्यांवर आणि उथळ काठांवर पाणपक्षी उतरतात. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य जाहीर झाला. हिवाळ्यात रोहित, करकोचे आणि बदकांच्या अनेक जाती दिसतात. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा पूर्वेचा काठ धरावा आणि दुर्बीण सोबत असावी. पाणी काठोकाठ असताना दलदल बुडते आणि चिखलात चरणारे पक्षी पांगतात, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.

टेकाड, नागघाट, नाथांचा वाडा आणि संग्रहालय पाहायला अख्खा दिवस लागतो, आणि पाण्यासाठी दुसरा दिवस राखावा. जलाशयाचा वरचा भाग पाहायचा तर पुणे रस्त्यावरच्या कायगाव-टोका पुलाशी जावे. तिथे गोदावरीला प्रवरा मिळते आणि टोक्याचे सिद्धेश्वराचे पेशवेकालीन मंदिर संगमाच्या काठी, फुगवट्याच्या पाण्याला लागून उभे आहे.