बँकेची नोकरी आणि उमेदवाराची पत

बँक दुसऱ्याचा पैसा सांभाळते, त्यामुळे नेमणुकीपूर्वी ती उमेदवाराच्या पदव्या आणि चारित्र्याच्या पडताळणीबरोबरच त्याचा पतइतिहास, म्हणजे कर्जे व क्रेडिट कार्डाच्या परतफेडीची नोंदही पाहते. सिबिलसारख्या संस्था ही नोंद ३०० ते ९०० या अंकांत मांडतात. अनेक सरकारी बँकांसाठी सामाईक परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या भरतीत किमान अंक ज्या त्या बँकेने ठरवायचा असून, नोंद अद्ययावत नसल्यास रुजू होण्यापूर्वी ती दुरुस्त करावी लागते किंवा कर्जदात्याचे ‘येणे बाकी नाही’ असे पत्र आणावे लागते. स्टेट बँकेच्या एका भरतीतील अट याहून कडक ठरली: कर्जे फेडल्याचे एका उमेदवाराने सांगूनही, जुन्या थकबाकीमुळे रद्द झालेली त्याची नेमणूक मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्दच ठेवली. नोकरी नाही म्हणून शैक्षणिक कर्जाचे हप्ते थकावेत आणि त्या थकबाकीपायीच नोकरी हुकावी, हा पेच मात्र नियमकर्त्यांनी पुरता सोडवलेला दिसत नाही. पतअहवालातील ‘सेटल्ड’ हा शेराही फसवा असतो, कारण त्याचा अर्थ कर्ज पूर्ण फिटले असा नसून तडजोडीने कमी रकमेत मिटले असा होतो. चुकीच्या नोंदीविरुद्धची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास तक्रारदाराला दररोज १०० रुपये भरपाई मिळते.